लाटणं हाती देण्याआधी

माझ्या वडिलांची वहीबांधणीची भागीदारी अकरा वर्षं चालली आणि एका पावसाळ्यात मोडली. भागीदार त्यांचे शाळेपासूनचे मित्र. आम्ही मुलं त्यांना काका म्हणायचो. शाळा सुरू होताना कामाची झुंबड असे, गणपतीनंतर मात्र काम आटायचं. त्या कोरड्या महिन्यांत घरखर्चासाठी कोणी किती उचल घ्यायची, हे दोघांत कधी ठरलंच नव्हतं. पाटी उतरली त्या दिवशी आई एवढंच म्हणाली, "नारळ फोडलात, पेढे वाटलेत. चार ओळी लिहायला काय झालं होतं?"

पुढे इतिहास शिकवताना सहकाराच्या गोष्टी वाचू लागलो, तेव्हा आईचा तो प्रश्न माझ्याबरोबर असायचा. नव्या भागीदाराला धंद्यात घेतात तरी कसं? आपल्याकडचा कायदा १९३२ चा. भारतीय भागीदारी अधिनियम सांगतो की, वेगळा करार नसेल तर सगळ्या भागीदारांच्या संमतीशिवाय नवा भागीदार घेता येत नाही. काहीच ठरलेलं नसेल तर नफा आणि तोटा दोन्ही सारखे वाटायचे. वडिलांना हे ठाऊक नव्हतं. काकांनाही नसावं.

आता गिरगावात चला. १५ मार्च १९५९. एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही उसने. समाजसेवक छगनलाल करमसी पारेख, म्हणजे छगनबाप्पा, यांच्याकडून घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटं भरली आणि ती भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याकडे गेली. देणगी म्हणून कुणाकडून काही घ्यायचं नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच ठरवून टाकलं होतं. सुरुवातीला दोन प्रतींचे पापड होत, एक चांगला आणि एक स्वस्तातला. छगनबाप्पांनी सांगितलं, प्रत एकच ठेवा, ती उतरू देऊ नका आणि हिशेब चोख ठेवा.

हीच पुढची 'लिज्जत'. हे नाव १९६२ मध्ये आलं. पहिल्या वर्षीची विक्री होती ६,१९६ रुपये.

श्रोतेहो, मला थांबावंसं वाटतं ते पुढच्या गोष्टीपाशी. काही महिन्यांतच शेजारपाजारच्या बायका येऊ लागल्या. त्यांना काय म्हणून घ्यायचं? रोजावर ठेवणं सोपं होतं. सातजणी मालकिणी आणि बाकीच्या मजूर, असा धंदा त्या काळी कुणालाही वावगा वाटला नसता. त्यांनी तसं केलं नाही. येणारी प्रत्येक बाई संस्थेची बहीण, म्हणजे सहमालक. आधी आलेलीला जास्त वाटा नाही आणि नफा-तोटा सगळ्यांचा.

पण म्हणून दार सताड उघडं नव्हतं. येणारीनं आधी संस्थेच्या प्रतिज्ञापत्रावर सही करायची, तिथले नियम मान्य करायचे. मग लाटायचं शिक्षण. पापड तर आपल्या आयाही उन्हाळ्यात करायच्या, त्यात शिकायचं काय, असं वाटेल. घरच्या पापडात एक जाड, एक पातळ चालून जातो. इथे पाकिटावर नाव सगळ्यांचं, त्यामुळे माझा जाड पापड तुमचंही गिऱ्हाईक घालवतो. घर पाहायचं तेही याचसाठी. सकाळी शाखेतून भिजवलेलं पीठ घरी न्यायचं, लाट्या करून लाटायचं, वाळवायचं आणि पापड परत आणून द्यायचे. त्याची वणाई मिळते. म्हणजे कारखाना घरातच आणि घर स्वच्छ हवं, वाळवायला जागा हवी. जिच्याकडे ती नाही तिला परत पाठवत नाहीत. पीठ मळणं, पाकिटं भरणं अशी शाखेतली कामं असतात.

निर्णय एकमतानं. एका बहिणीनं नकार दिला तरी तो निर्णय अडतो. १९३२ च्या कायद्यातल्या 'सगळ्यांच्या संमती'ची मला इथे हटकून आठवण होते, जरी ही संस्था त्या कायद्याखालची नव्हे. १९६६ मध्ये तिची नोंदणी झाली ती सार्वजनिक न्यास आणि सोसायटी म्हणून.

पहिला पावसाळा मात्र त्यांनाही चुकला नाही. ऊन नाही, म्हणून पापड नाही. चार महिने काम बंद. वडिलांची भागीदारी ज्या जागी फुटली, नेमकी तीच ही जागा. बहिणींनी पुढच्या वर्षी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड पसरायचे आणि खाली स्टोव्ह पेटवायचा. इतका साधा उपाय! पण त्या चार महिन्यांनंतरही सगळ्या तिथेच होत्या, याचं मला अधिक कौतुक वाटतं.

आज अशा बहिणी सुमारे ४५ हजार आहेत. पहिल्या सातजणींतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

काका आणि वडील पुन्हा कधी बोलले नाहीत. दोघेही आता नाहीत. काकांच्या मुलानं मध्यंतरी घर आवरताना सापडलेली जुनी रोजकीर्द मला आणून दिली. अक्षर वडिलांचं. त्या शेवटच्या पावसाळ्याची पानं मी दोनदा बेरीज करून पाहिली. उचल दोघांच्याही नावावर आहे आणि तिच्यात फरक आहे तो सतरा रुपयांचा.