प्रत घेतली, पण ती परत मिळते का?

नोकरीच्या काळात मी असंख्य दाखल्यांवर सह्या केल्या. त्यांपैकी एक मला आजही बोचतो. ‘संगणकावरील माहितीचा बॅकअप नियमितपणे घेतला जातो,’ असे ते वाक्य होते. दरमहा नोंदवही समोर येई, रोजच्या रकान्यात ‘यशस्वी’ असे लिहिलेले असे आणि मी खाली सही करीत असे.

२००६ च्या सुमारास माझी नेमणूक पूर्व भारतातील एका जिल्ह्यात होती. कार्यालयाचा स्वतःचा ई-मेल सर्व्हर होता. यंत्र लिनक्सवर चाले आणि टपाल स्वीकारण्याचे काम सेंडमेल हा प्रोग्राम करी. तेव्हाच्या १८९४ च्या भूसंपादन कायद्यात हरकतीसाठी ३० दिवसांची मुदत होती. या हरकती ई-मेलनेही स्वीकारू, असे आम्ही मोठ्या उत्साहाने जाहीर केले होते. पावसाळ्यात एका रात्री वीज अनेकदा गेली-आली आणि सकाळी सर्व्हरच्या दोन्ही डिस्क बंद पडलेल्या आढळल्या. एक बिघडली तर दुसरी आहेच, हा आमचा भरवसा एकाच रात्रीत संपला. तरीही टेप होती. ती लावली, सुरळीत वाचली गेली. तासाभराने तंत्रज्ञ हळूच म्हणाला, “सर, टेप उत्तम आहे. पण तीत आलेले टपालच नाही.”

कारण अगदी साधे होते. त्या व्यवस्थेत नव्याने आलेले पत्र एका सामायिक जागी साठे आणि अधिकाऱ्याने जपून ठेवलेले पत्र त्याच्या वैयक्तिक कप्प्यात जाई. रात्रीची आज्ञा वैयक्तिक कप्पे व सर्व्हरची मांडणी यांचीच प्रत घेत होती. सामायिक जागेचे नाव तीत कधी घातलेच नव्हते. नोंदवहीत खोटे काही नव्हते. सांगितलेले काम यंत्र रोज यशस्वीपणे करीत होते. मात्र त्या टेपवरून रिकाम्या यंत्रावर सर्व काही पुन्हा उभे करून पाहावे, असे कोणालाच सुचले नव्हते. मलाही नाही.

त्या दिवसांत मला कोलकात्याच्या जुन्या दफ्तराचा इतिहास वारंवार आठवे. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार सहा-सहा महिन्यांच्या सागरी प्रवासावर अवलंबून होता. जहाज बुडेल किंवा शत्रूच्या हाती पडेल, हे गृहीत धरून एकाच पत्राच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या जहाजांनी पाठवीत. कौन्सिलच्या बैठकांच्या इतिवृत्ताच्या नकलाही नियमाने लंडनला जात. २० जून १७५६ रोजी सिराज-उद्दौलाच्या फौजेने फोर्ट विल्यम जिंकला आणि तेथील पूर्वीचे दफ्तर बहुतांशी नष्ट झाले. जानेवारी १७५७ मध्ये क्लाइव्ह व वॉटसन यांनी शहर परत घेतले, पण कागद परतले नाहीत. पुढे १८९५ पासून सी. आर. विल्सन यांनी बंगालमधील इंग्रजांच्या आरंभीच्या काळाची कागदपत्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, ती लंडनमधील नकलांच्या आधारावर. नकलनविसांनी कंटाळत केलेले काम जवळपास दीड शतकानंतर असे उपयोगी पडले. प्रत दुसऱ्या ठिकाणी होती आणि मुख्य म्हणजे ती पूर्ण व वाचता येण्याजोगी होती.

आमच्या हाती अखेर तोच मार्ग उरला. प्रत पलीकडच्या टोकाला शोधायची. नवे टपाल वाचले, कारण आपला सर्व्हर बंद असला तरी पाठवणारा सर्व्हर साधारण चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. जुन्यासाठी मात्र हरकतदारांनाच विनंती करावी लागली, की आपण पाठवलेल्या ई-मेलची छापील प्रत आणून द्यावी. बरेच जण आले. एका वृद्ध शेतकऱ्याने मात्र सायबर कॅफेतील मुलाकडून हरकत पाठवली होती. कोणत्या पत्त्यावरून, हे त्यास ठाऊक नव्हते आणि तो मुलगाही गाव सोडून गेला होता. “साहेब, मी वेळेत पाठवली होती,” एवढेच तो सांगे. कार्यालयाची चूक लेखी नमूद करून मी त्याचे म्हणणे प्रतिज्ञापत्रावर दाखल करून घेतले. पण त्यासाठी त्याला मजुरी बुडवून तीन खेपा घालाव्या लागल्या. दफ्तर आम्ही हरवले आणि पुराव्याचे ओझे त्याच्या शिरावर गेले.

कायद्याची उणीव नव्हती. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमाने केंद्राच्या दफ्तरापुरते संगणकावर तयार झालेले साहित्यही अभिलेख मानले. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक अभिलेखाला मान्यता दिली. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात ‘माहिती’च्या व्याख्येत ई-मेलचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे हरवलेले पत्र हा केवळ तांत्रिक बिघाड राहत नाही, तो नागरिकाच्या हक्काचा भंग ठरतो.

असे अपघात मोठ्यांनाही चुकत नाहीत. फेब्रुवारी २०११ मध्ये सॉफ्टवेअरमधील दोषामुळे जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के ग्राहकांचे टपाल दिसेनासे झाले. निरनिराळ्या केंद्रांतील प्रतींवरही त्या दोषाचा परिणाम झाला होता. जोडणीबाहेर ठेवलेल्या टेपवरून ते टपाल परत आणले गेले. नुसत्या अनेक प्रती पुरत नाहीत. त्यांतील एक तरी चालू यंत्रणेपासून अलग हवी.

केंद्र शासनाच्या २०१५ च्या धोरणाने कार्यालयीन ई-मेल एका समान सेवेवर आणण्याची दिशा दिली. तथापि स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्या संस्था आजही आहेत आणि सेवा दुसऱ्याकडे सोपवली म्हणून उत्तरदायित्व सोपवले जात नाही.

त्या प्रसंगानंतर मी एक छोटा बदल केला. दर तिमाहीस एक रिकामे यंत्र घ्यायचे, टेपवरून खाती, पासवर्ड, मांडणी व टपाल त्यावर उभे करायचे, एक जुने पत्र नावानिशी शोधून उघडायचे आणि किती तास लागले ते लिहायचे. पहिल्या वेळी दोन दिवस लागले आणि आणखी एक वगळलेला कप्पा सापडला. नोंदवहीतील ‘बॅकअप घेतला’ या रकान्यापुढे मी नवा रकाना आखला : ‘परत मिळवून पाहिला’. त्यापुढे माझी सही मी ते पत्र स्वतः वाचल्यावरच करीत असे.