ज्वारीचें वंध्यत्व आणि ज्वारीची समृद्धि

‘पेरावें तसें उगवतें’ ही म्हण कुणब्याच्या अनुभवांतून जन्मास आली आहे. पिढ्यान्‌पिढ्या त्यानें उभ्या पिकांतील उत्तम कणसें निवडून बाजूस ठेवलीं, त्यांचें बीं राखेंत जपलें आणि पुढल्या हंगामांत तेंच पेरलें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ज्वारीच्या बाबतींत या म्हणीला मोठा अपवाद निर्माण झाला. आणि नवल असें कीं, त्याचें मूळ फुलांच्या एका वैगुण्यांत, म्हणजे वंध्यत्वांत होतें.

दोन भिन्न वाणांच्या संकरापासून झालेली पहिली पिढी पुष्कळदां दोन्ही जनकांपेक्षां जोमदार निपजते. ज्वारींतील हा संकरजोम अमेरिकेंतील टेक्सास संस्थानांत कॉनर व कार्पर यांनीं 1927 सालींच वर्णिला होता. मक्याच्या बाबतींत त्याचा लाभ तेथील शेतकऱ्यास 1930 नंतर झपाट्यानें मिळूं लागला. कारण मक्याचा नरफुलोरा शेंड्यावर असतो आणि कणीस खालीं, ताटाच्या मध्यावर. तुरा खुडला कीं तें ताट केवळ मादी म्हणून उरतें. ज्वारीनें मात्र ही सोय ठेवलेली नाहीं. तिच्या एकेका कणसांत हजारों इवलीं फुलें असतात आणि दाणा धरणाऱ्या प्रत्येक फुलांत पुंकेसर व स्त्रीकेसर शेजारीं शेजारीं नांदतात. बहुतेक दाणे स्वतःच्याच परागानें भरतात. मग संकर घडवावा कसा?

टेक्सासमधील चिलिकोथी येथील स्टीफन्स व क्विन्बी यांनीं 1933 सालीं एक युक्ति प्रसिद्ध केली. कणीस सुमारें 47 ते 48 अंश सेंटिग्रेड उष्णतेच्या पाण्यांत दहा मिनिटें बुडविलें, तर पराग निकामी होतो, पण स्त्रीकेसर जिवंत राहतो. प्रयोगशाळेस एवढें पुरेसें होतें. पण लक्षावधि एकरांचें बियाणें असें एकेक कणीस बुडवून कोण सिद्ध करणार? 1937 सालीं स्टीफन्स यांनीं निसर्गतःच पराग न धरणाऱ्या झाडांचा उपयोग सुचविला. परंतु त्या वेळीं हातीं असलेलें वंध्यत्व पेशीच्या केंद्रांतील गुणघटकांवर अवलंबून होतें. त्याच्या संततींत वंध्य आणि सफल झाडें मिसळून येत, आणि सफल तेवढीं ओळखून वेळेवर उपटावीं लागत.

ही अडचण 1954 सालीं सुटली. स्टीफन्स व हॉलंड यांनीं त्या वर्षीं मिलो व काफिर या आफ्रिकेंतून अमेरिकेंत गेलेल्या दोन जातींच्या संकराचा वृत्तांत प्रसिद्ध केला. मिलो माता आणि काफिर पिता असतां पुढील पिढ्यांत परागहीन झाडें निघत. काफिर माता व मिलो पिता असतां तसें होत नसे. अर्थात् दोष मातेकडून येत होता. पेशीच्या केंद्राबाहेरचें पेशीद्रव केवळ मातेकडून संततीस मिळतें. मिलोचें पेशीद्रव आणि काफिरचें केंद्र यांचें जमत नाहीं, आणि त्या बेबनावांत पराग मरतो.

या वैगुण्यावर त्रिविध रचना उभी राहिली. पहिला वाण पुंवंध्य. दुसरा त्याचाच जुळा भाऊ, पण सफल. त्याचा पराग मिळाला म्हणजे पहिल्याचा वंश वंध्यच राहून टिकतो. तिसरा वाण परागाची शक्ति परत देणारा. पहिल्याशीं त्याचा संकर झाला म्हणजे शेतकऱ्याच्या शेतांतलें कणीस पूर्ववत् भरतें. बीजोत्पादनाच्या शेतांत वंध्य वाणाच्या चार ओळींशेजारीं पित्याच्या दोन ओळी पेराव्या. उरलेलें काम वारा करतो.

अमेरिकेंत 1960 च्या सुमारास धान्याच्या ज्वारीचें बहुतेक क्षेत्र संकरित झालें. भारतांत 1964 सालीं सी. एस. एच. 1 हा पहिला संकरित वाण प्रसृत झाला. त्याची माता अमेरिकेंतील कंबाइन काफिर 60 होती. सुमारें शंभर दिवसांत येणारें हें बुटकें, भरघोस पीक महाराष्ट्राच्या खरिपांत पसरलें आणि ‘हायब्रीड’ हा शब्द खेड्यांतील बोलींत रुळला. पुढें सी. एस. एच. 5 व सी. एस. एच. 9 यांनीं तो पाया भक्कम केला.

या समृद्धीचें मोलही द्यावें लागलें. संकरित दाणा पुन्हां पेरला तर पुढली पिढी एकसारखी येत नाहीं, जोमही ओसरतो. म्हणून बीं दरसाल विकत घेणें प्राप्त झालें. पीक लवकर निसवल्यानें पावसांत सांपडे आणि बुरशीनें काळी पडलेली ज्वारी बाजारांत पडून राही. खोडमाशीचा उपद्रव वाढला. बुटक्या ताटांचा कडबा गुरांस पुरेना. आणि भाकरीची जुनी चव नाहीं ही गृहिणींची तक्रार तर घरोघरची होती.

रब्बीची कथा निराळी. सोलापूर जिल्ह्यांतील मोहोळ येथें 1930 नंतरच्या दशकांत स्थानिक मालदांडीमधून निवडलेला एम 35-1 हा वाण थंडीच्या ओलाव्यावर येतो, मोत्यासारखा दाणा देतो आणि मुबलक कडबाही. त्याला हटविणारा संकर अद्याप साधलेला नाहीं, आणि त्याचें बीं घरचें घरीं राखतां येतें.

या जुन्या वाणाचें महत्त्व एवढ्यावरच संपत नाहीं. 1970 सालीं अमेरिकेंतील मक्यावर करपा पडून सुमारें 15 टक्के पीक बुडालें. त्या मक्याच्या बहुतेक वाणांचें पेशीद्रव एकाच मातेकडून आलेलें होतें. ज्वारीचे संकरही जगभर प्रायः मिलोच्याच पेशीद्रवावर उभे असल्यानें दुसऱ्या मातांचा शोध सुरू झाला, आणि त्यांत वंध्यत्व देणारें निराळें पेशीद्रव मालदांडींतही सांपडलें. त्याला परागशक्ति परत देणारे पिते विरळा, म्हणून त्याचा प्रसार थोडा. तथापि, उद्यां मिलोच्या संकरांवर एखादा रोग उलटला, तर आधार शोधण्याची एक जागा ज्या बियाण्यांत आहे, तें सोलापूरकडील शेतकऱ्यानें भाकरीच्या चवीसाठीं आणि बैलांच्या कडब्यासाठीं वर्षानुवर्षें राखून ठेवलेलें आहे.