साखरेची वही

अलिबागला कुलाबा किल्ला पाहायला येणारी मंडळी ओहोटीची वाट पाहत वाळूत बसून राहतात. पण किनाऱ्याजवळच असलेल्या चुंबकीय वेधशाळेकडे त्यांच्यातला क्वचितच कोणी वळतो. बाहेरून पाहण्यासारखे तिथे काही नाहीच. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद नियमाने होत असे. पुढे शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे दिसू लागले. त्या प्रवाहाने नाजूक उपकरणे बिथरणार, म्हणून वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक डॉ. नानाभाई मूस यांनी चुंबकीय नोंदींचे बिऱ्हाड १९०४ साली अलिबागला हलवले. चुंबकाला जोडलेला इवलासा आरसा, त्यावरून परतणारा प्रकाशाचा ठिपका आणि घड्याळाच्या गतीने फिरणाऱ्या नळकांड्यावर गुंडाळलेला छायाचित्राचा कागद, या तिघांच्या मेळातून तिथे रात्रंदिवस एक रेघ उमटू लागली. मूससाहेब असे काटेकोर, की १९०६ पर्यंत दोन वर्षे मुंबई आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन त्या ताडून पाहिल्या. विजेची ट्राम धावली ती १९०७ साली.

ही रेघ मला गेल्या दिवाळीत फार वेगळ्या ठिकाणी भेटली. रेवदंड्याला ताईकडे फराळाला बसलो होतो. पुण्याहून आलेल्या भाच्याच्या दंडावर जुन्या रुपयाएवढी पांढरी चकती चिकटवलेली होती. शाळेत असल्यापासून त्याला मधुमेह आहे, इन्शुलिनवाचून त्याचा दिवस जात नाही. त्याने एक करंजी खाल्ली, फोन माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "मामा, आता बघत बसा." अर्ध्या तासात फोनवरची रेघ डोंगर चढावी तशी वर जाऊ लागली. वेधशाळेचा तो कागद मला आठवला, तो असा.

मधुमेहाचा इतिहास म्हणजे एका अर्थी या रेघेपर्यंत पोचण्याचाच इतिहास आहे. रोग्याच्या लघवीकडे मुंग्या धावतात हे आपल्या प्राचीन वैद्यांनी पाहिले होते. सुश्रुताने तर जन्मजात आणि अपथ्यातून होणारा असे प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले. म्हणजे पहिले मापनयंत्र मुंगी! १७७६ मध्ये इंग्लंडच्या मॅथ्यू डॉब्सनने लघवी आटवून तळाशी राहिलेला पदार्थ साखरच आहे असे दाखवले. विसाव्या शतकाच्या आरंभी स्टॅन्ले बेनेडिक्टने ते निळे द्रावण बनवले, जे पुढे घरोघरी पोचले. परीक्षानळीत थोडे द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि उकळी. निळे राहिले तर साखर नाही. हिरवे, पिवळे, नारिंगी आणि शेवटी विटकरी झाले तर संकट.

१९२२ च्या जानेवारीत टोरंटोमध्ये माणसाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचले गेले आणि मरणाच्या दारातली मुले परतली. पण औषध आले तसा हिशेबही आला. किती टोचायचे हे साखर किती आहे यावर ठरणार, आणि ती दर दिवशी निराळी. बोस्टनच्या डॉ. एलियट जॉस्लिन यांनी इन्शुलिनच्या आधीपासूनच रोग्यांना स्वतःची लघवी स्वतः तपासायला शिकवले होते. १९१८ साली त्यांनी रोग्यांसाठी पुस्तकही लिहिले. आपल्याकडे १९५५ साली मुंबईत डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. डॉक्टर पंधरवड्यातून एकदा भेटणार, रोग तर रोज सोबतीला, तेव्हा वही रोग्यानेच ठेवायची हे ओघानेच आले.

आमच्या वडिलांचीही अशी वही होती, दुधाच्या हिशेबाच्या वहीला पाठीमागून सुरुवात केलेली. रोज सकाळी स्टोव्हवर नळी धरून ते रंग पाहत आणि एकच शब्द लिहीत. ती वही अजून माझ्याजवळ आहे. पानेच्या पाने 'निळा', 'निळा', क्वचित 'हिरवट'. लग्नसराईचे दिवस मात्र कोरे. आई म्हणायची, "अहो, लिहा की काल चार जिलब्या खाल्ल्या म्हणून." ते हसून वही मिटत. त्यांना खोटारडे म्हणणे माझ्या जिवावर येते. डॉक्टरांपुढे वही ठेवताना ते शाळेतल्या पोरासारखे उभे राहत, हे मी पाहिले आहे. आणि त्या निळ्या रंगातही खोट होतीच. रक्तातली साखर सुमारे १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय लघवीत उतरत नाही, आणि ती धोक्याइतकी खाली गेली तर लघवी काहीच सांगत नाही. खरे लिहिणाऱ्याची वहीसुद्धा अर्धीच खरी.

रक्ताच्या थेंबावरून साखर सांगणारी कागदी पट्टी १९६० च्या दशकात आली आणि तिचा रंग वाचणारे यंत्र त्या दशकाच्या अखेरीस. हे यंत्र घडले होते डॉक्टरांसाठी. १९६९ साली रिचर्ड बर्नस्टीन नावाच्या अमेरिकन इंजिनियरने त्याची जाहिरात पाहिली. बाराव्या वर्षापासून मधुमेह, पस्तिशीतच शरीर खिळखिळे झालेले. यंत्र रोग्याला विकत नसत. पण त्यांची पत्नी डॉक्टर होती, तिच्या नावाने ते मागवले. दिवसातून पाचपाच वेळा बोट टोचून ते आकडे लिहू लागले आणि कोणत्या घासाने, कोणत्या मात्रेने काय होते हे त्यांचे त्यांना दिसू लागले. वैद्यकीय नियतकालिकांनी त्यांचे लेख परत पाठवले. तेव्हा गृहस्थ पंचेचाळिसाव्या वर्षी वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले आणि डॉक्टर होऊन बसले! घरी बोट टोचून साखर पाहणे आज इतके साधे झाले आहे, की त्यासाठी कोणाला एवढा खटाटोप करावा लागला हे खरेही वाटत नाही.

यानंतरची गोष्ट वाचताना मला वडील आठवले. अमेरिकेत रॉजर मॅझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही रोग्यांना घरी वापरायला यंत्रे दिली. त्या यंत्रांत प्रत्येक आकडा गुपचूप साठवणारी स्मृती बसवलेली होती. नंतर रोग्यांच्या वह्या त्या स्मृतीशी ताडल्या. वह्यांत कधी न केलेल्या तपासण्यांचे आकडे होते, आणि वाढलेले आकडे गाळलेले होते. हा निबंध १९८४ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे वडिलांचे सोबती साऱ्या जगभर होते. रोग्याला न सांगता असे पारखणे मला रुचत नाही. पण त्यातून जे निघाले ते मोलाचे होते. यंत्राने स्वतःच आकडे राखावेत, तारेने ते संगणकात जावेत आणि संगणकाने त्यांचे चित्र काढावे, या दिशेने काम सुरू झाले. मॅझ यांनीच १९८७ मध्ये अशा चित्राची एक पद्धत मांडली. अनेक दिवसांचे आकडे चोवीस तासांच्या एकाच पटावर एकावर एक ठेवायचे, मधोमध एक ठळक रेघ, भोवती फिकट पट्टे. पट्टा जिथे रुंद, तिथे त्या वेळेची साखर बेभरवशाची. आकड्यांच्या चार पानांत जे हरवते ते इथे डोळ्यांना एका नजरेत दिसते. आज जगभरच्या सॉफ्टवेअरमध्ये हेच चित्र असते.

अखंड रेघेला मात्र कातडीखाली राहणारी तार हवी होती. लेलँड क्लार्क यांनी १९६२ मध्ये तिचे तत्त्व सांगितले, आणि सतत मापणाऱ्या उपकरणाला अमेरिकेत मान्यता मिळाली १९९९ साली. भाच्याची चकती दर काही मिनिटांनी आकडा घेते. पण तो रक्तातला नसून कातडीखालच्या द्रवातला, म्हणून रक्ताच्या थोडा मागे. शंका आली की तो बोट टोचून दोन्ही आकडे ताडतो. त्याला मूससाहेबांची गोष्ट सांगितली तेव्हा तो खूश झाला.

२०१३ पर्यंत ही रेघ लहानशा यंत्रावर, रोग्याजवळच अडकलेली होती. न्यूयॉर्क राज्यातले जॉन कॉस्टिक नावाचे गृहस्थ संगणकाचे जाणकार. त्यांच्या चार वर्षांच्या मुलाला मधुमेह झाला. मूल शाळेत, बाप कचेरीत, आणि आकडा मुलाच्या यंत्रात. कंपनीची वाट न पाहता त्यांनी तो आकडा यंत्रातून काढून इंटरनेटवर नेण्याची आज्ञावली लिहिली. इतर आईबाप मिळाले, लेन डेसबरो यांनी भर घातली, आणि 'नाइटस्काउट' या नावाने ते साधन सर्वांना फुकट खुले झाले. रात्रीचा पहारेकरी, असेच म्हणा ना. मोठ्या कंपन्यांनी पुढे असल्याच सोयी स्वतः दिल्या. जाणत्यांनी २०१९ मध्ये एक माप घालून दिले. ७० ते १८० च्या दरम्यान दिवसाचे किमान सत्तर टक्के तास जावेत, म्हणजे जवळजवळ सतरा तास.

आपल्या देशात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीने १० कोटींहून अधिक मधुमेही मोजले. त्यांतल्या बहुतेकांना ही चकती परवडणारी नाही. दर पंधरवड्याला नवी घ्यावी लागते. मुरूड-श्रीवर्धनकडच्या कोळीवाड्यात आजही बोट टोचण्याच्या पट्ट्याच जपून वापरतात, आणि वही कागदाचीच असते. वही कागदाची असली तरी तिने फार दूरचे दाखवावे असेही होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या मंडळींनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवतींच्या आणि पुढे त्यांच्या मुलांच्या नोंदी ठेवल्या. त्यांतून दिसले, की आपली बाळे वजनाने लहान, पण चरबीने तितकी लहान नाहीत. अशी नोंद कोणा एकाच्या दंडावरच्या चकतीला साधणारी नाही.

ताईच्या फोनवर भाच्याची रेघ पुण्याहून येते. गेल्या पावसाळ्यात एका रात्री दोन वाजता तिचा फोन वाजला, आकडा पन्नासच्या खाली होता. तिने फोन करकरून त्याला उठवले, साखर खायला लावली आणि रेघ वर येईपर्यंत ती देवघरापाशी बसून राहिली. हे तिनेच मला सांगितले. आणि दुपारी तीनला रेघ चढली की तीच फोन करते, "काय खाल्लंस?" भाचा म्हणतो, "मामा, तुमच्या वडिलांना निदान वही मिटता येत होती."

भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर ताई मला आत घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "चार दिवस माझ्या फोनवर त्याची रेघ येत नाहीये. यंत्र बिघडलं असेल का रे?" बाहेर भाचा चिवड्याची बशी घेऊन बसला होता. मी म्हणालो, "नेटवर्क नसेल." ताईने माझ्याकडे पाहिले, काही बोलली नाही, आणि त्याच्या बशीत आणखी एक करंजी ठेवून आली.