वृक्ष-ऑक्टोपस

इंटरनेटवरची माहिती पारखायला शिकवताना अमेरिकेतील शाळांत वापरला जाणारा एक कपोलकल्पित प्राणी. ‘लाइल झापाटो’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या व्यक्तीने १९९८ मध्ये त्याचे संकेतस्थळ काढले. वॉशिंग्टन राज्यातील ऑलिम्पिक द्वीपकल्पाच्या जंगलात हा ऑक्टोपस झाडांवर राहतो, विणीपुरता हूड कॅनॉल या खाडीत उतरतो, एके काळी हॅटवर शोभेसाठी लावला जात असे आणि आता नामशेष होण्याच्या बेतात आहे, असे तेथे गंभीरपणे सांगितले आहे. ‘ऑक्टोपस पॅक्सआर्बोलिस’ हे शास्त्रीय नाव, ३० ते ३३ सेंटिमीटर लांबी, छायाचित्रे, बाहेरचे दुवे असा सगळा सरंजाम आहे. शत्रूंच्या यादीत मात्र सॅस्क्वाच, म्हणजे तिकडच्या दंतकथांतला केसाळ वनमानव, हजर!

कनेटिकट विद्यापीठातील डोनाल्ड ल्यू यांच्या गटाने हे संकेतस्थळ सातवीच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवले. मुले इंटरनेटवरच्या वाचनात हुशार गणली गेलेली होती. तरी बहुतेकांनी ते विश्वासार्ह ठरवले. ही थट्टा आहे असे सांगितल्यावरही काहींनी आपला हेका सोडला नाही. नेदरलँड्समध्ये हाच प्रयोग झाला (अहवाल २०१८), तेव्हा २७ पैकी दोघांनाच बनाव ओळखता आला.

दोष मुलांच्या भोळेपणापेक्षा शिकवण्याच्या पद्धतीत अधिक आहे. लेखकाचे नाव आहे का, मांडणी नीटनेटकी आहे का, दुवे चालतात का, अशा प्रश्नांची यादी शाळांत दिली जाई. ऑक्टोपस त्या परीक्षेत सहज पास होतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासाचे अभ्यासक, विद्यार्थी व व्यावसायिक तथ्यतपासनीस यांची तुलना केली. तपासनीस अनोळखी पानावर फारसे रेंगाळत नाहीत. लगेच दुसरी खिडकी उघडून त्या संकेतस्थळाविषयी इतर काय म्हणतात ते पाहतात. या सवयीला ‘लॅटरल रीडिंग’ म्हणतात आणि हल्ली ती शाळांतूनही शिकवली जाते.

धडा म्हणून ऑक्टोपस आता सोपा झाला आहे : नाव शोधले की तो बनाव असल्याचे सांगणारी विकिपीडियाची नोंद सापडते. जाहिरात ओळखणे त्याहून अवघड. स्टॅनफर्डच्याच २०१६ च्या अहवालानुसार माध्यमिक शाळेतील ८० टक्क्यांहून अधिक मुलांनी ‘प्रायोजित मजकूर’ असे स्पष्ट लिहिलेली जाहिरात खरी बातमी मानली.