माळ्यावरची रिळं

डेलिया डर्बिशायर ३ जुलै २००१ रोजी इंग्लंडमधल्या नॉर्दम्प्टनला वारली. नंतर तिच्या घराच्या माळ्यावर टेपची २६७ रिळं निघाली, नाश्त्याच्या सीरियलच्या रिकाम्या खोक्यांत भरलेली. बीबीसीच्या 'डॉक्टर हू' मालिकेची १९६३ सालची धून हिने घडवली, तीही सिंथेसायझर हाताशी नसताना.

मी इगतपुरीत पदार्थविज्ञान शिकवते. ध्वनीचं प्रकरण आलं की डेलिया सांगितल्याशिवाय माझ्याने पुढे जाववत नाही.

तिचा जन्म १९३७ चा, कॉव्हेंट्रीचा. १९४० च्या नोव्हेंबरात जर्मन विमानांनी ते शहर भाजून काढलं. हवाई हल्ल्याचे भोंगे हेच आपण ऐकलेलं पहिलं इलेक्ट्रॉनिक संगीत, असं ती पुढे सांगायची. मला ते लगेच पटलं, कारण माझेही कान विजेच्या आवाजावर घडले. कसारा घाटाची चढण सदतिसास एक. १९३० च्या सुमारास मुंबईकडून १५०० व्होल्ट डीसीची तार इगतपुरीपर्यंत आली आणि घाटात विजेची इंजिनं धावू लागली. त्यातलं लांब नाकाडाचं डब्ल्यूसीजी-१ उभं राहिलं की कण्हायचं आणि चालताना अंग टाकत डुलायचं. रेल्वेत त्याला 'खेकडा' म्हणत. माझे वडील शेडमध्ये फिटर होते. कण्हण्यातला फरक ऐकून कोणतं इंजिन आलं ते अंथरुणातूनच सांगत.

डेलियाने केंब्रिजला गणित आणि संगीत दोन्ही केलं. डेक्का कंपनीकडे नोकरी मागितली, तर ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत आम्ही बायका घेत नाही, असं उत्तर आलं. १९६० मध्ये ती बीबीसीत लागली आणि १९६२ मध्ये रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये गेली. हा विभाग १९५८ मध्ये उभा करण्यात डॅफ्नी ओरम या दुसऱ्या बाईचा मोठा वाटा होता. तिथलं काम कारागिरीचं. एक तार छेडायची, तो आवाज टेपवर घ्यायचा, टेपचा वेग बदलून वेगवेगळे स्वर काढायचे, मग प्रत्येक स्वराचा तुकडा मोजून ब्लेडने कापायचा आणि चिकटवायचा. तेव्हा लय इंचांत मोजली जाई! 'डॉक्टर हू'च्या वेळी कुठेतरी एक स्वर चुकत होता, सापडेना. शेवटी टेपा कॉरिडॉरमध्ये लांबलचक शेजारी-शेजारी पसरल्या आणि जोड कुठे सरकलाय ते डोळ्यांनी शोधलं. मूळ चाल रॉन ग्रेनरची. तयार धून ऐकल्यावर हे मीच लिहिलं का, असं त्यानेच विचारलं. श्रेय तिलाही मिळावं असं त्याचं म्हणणं होतं, पण बीबीसीच्या नियमात कर्मचाऱ्यांची नावं बसत नव्हती. पडद्यावर तिचं नाव यायला २०१३ उजाडलं. १९७३ मध्ये तिने बीबीसी सोडली आणि काही काळ गॅसची पाइपलाइन टाकणाऱ्यांकडे रेडिओ ऑपरेटर म्हणून काम केलं. हे वाचलं की मला अजून राग येतो.

माळ्यावरची ती रिळं २००७ मध्ये मँचेस्टर विद्यापीठाकडे गेली आणि तिथे त्यांचं डिजिटल रूपांतर झालं. संस्थेने जे जपायचं, ते इथे बाईच्या माळ्याने जपलं होतं. पण रिळं कपाटात सुरक्षित राहिली म्हणजे भागलं, असं मँचेस्टरच्या काही संगीतकारांनी मानलं नाही. २०१३ पासून ते 'डेलिया डर्बिशायर डे' साजरा करतात, तिच्या टेपांवरून नवी कामं करून घेतात, शाळांत जाऊन मुलांना आवाज कापायला-जोडायला शिकवतात. कॉव्हेंट्रीने तिच्या नावाचा रस्ता केला, २०१७ मध्ये बालपणीच्या घरावर निळी पाटी लावली. पाटी हवीच. मला मात्र शाळेतलं काम मोलाचं वाटतं.

आपल्याकडे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये मूग सिंथेसायझर आला, अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने तो बसवून दिला. त्यामागे गीता साराभाईंची खटपट होती. विक्रम साराभाईंच्या या बहिणीने बायका पखवाजाच्या वाटेला जात नसत त्या काळात पखवाज शिकला होता, आणि १९४६ मध्ये न्यूयॉर्कला जाऊन जॉन केजला भारतीय संगीत शिकवून त्याच्याकडून पाश्चात्त्य काउंटरपॉइंट शिकून घेतला होता. त्या स्टुडिओतल्या टेपाही अशाच पडून राहिल्या. पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंताने त्या हुडकल्या आणि २०२३ मध्ये त्यांतली निवड प्रसिद्ध झाली. गीताबेनच्या रचना त्यात आहेत, पण त्या ऐकायला गीताबेन नव्हत्या. २०११ मध्ये त्या गेल्या.

डेलियाचा एक आवडता आवाज हिरव्या धातूच्या दिव्याच्या शेडचा होता. ती शेड वाजवायची, आघाताचा क्षण कापून टाकायची आणि मागे घुमणारा नाद तेवढा ठेवायची. माझी मुलं हेच तांब्याच्या घंगाळावर करतात, फोनवर. सुरुवात कापली की घंगाळ ओळखू येत नाही. तरंगरूपाची आकृती फळ्यावर काढून जे डोक्यात जात नाही, ते यात जातं.

खेकडा दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात उभा आहे, रंगवलेला, मुका. त्याला हाकणारे काही निवृत्त चालक मात्र गावात आहेत. मुलांना मी त्यांच्याकडे पाठवते. ते तोंडाने आवाज काढून दाखवतात. एक म्हणतो, कण्हणं खालून वर चढायचं, दुसरा म्हणतो, छे, एकाच पट्टीत राहायचं, तू तेव्हा शंटिंगला होतास, तुला काय ठाऊक. मुलांना सांगून ठेवलंय, भांडण संपेपर्यंत रेकॉर्डिंग बंद करायचं नाही.