खानावळवालीचं कर्ज

गोवा मुक्तिलढ्याचा विषय निघाला की काही ठरावीक नावं आपल्या ओठांवर येतात. ती शाळेच्या पुस्तकात असतात, रस्त्यांना दिलेली असतात. पण याच लढ्यात पायाला गोळी लागलेली एक गोमंतकीय मुलगी पुढे मुंबईला गेली आणि तिथल्या गिरणगावात तिने एक वेगळंच काम उभं केलं. त्याबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. प्रेमाताई पुरव हे त्यांचं नाव. २००२ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा गोव्यातल्या किती जणांना ही आपली म्हणून ठाऊक होतं, देव जाणे.

तसं त्यांचं गोमंतकीय असणं हे काही या लेखाचं मुख्य कारण नाही. मी सरकारी कचेरीत कारकून. दिवसभर हाताखालून अर्ज जातात. प्रत्येक अर्जात 'व्यवसाय' असा एक रकाना असतो. बायकांच्या अर्जात तिथे नव्वद वेळा 'घरकाम' असंच लिहिलेलं असतं. सहज बोलता बोलता कळतं की बाई दहा जणांना डबे देते, चतुर्थीला नेवऱ्या करून विकते, काजूच्या दिवसांत बिया फोडायला जाते. "मग तसं लिहा की," म्हटलं तर म्हणते, "तें कसलें काम, बाय?" हा रकाना सरळ भरला तर काय होऊ शकतं, त्याचं उदाहरण मला प्रेमाताईंच्या कामात सापडलं. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी गिरणगावाबद्दल थोडं. मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली, दोन वर्षांनी ती चालू झाली. त्यानंतर लालबाग, परळ, वरळी, भायखळा या भागात गिरण्यांच्या चिमण्या उभ्या राहत गेल्या. कामगार आले रत्नागिरीहून, साताऱ्याहून, कोल्हापूरहून. घरची जमीन पोटाला पुरत नव्हती आणि गिरणीच्या पगारात मुंबईत बिऱ्हाड करणं परवडत नव्हतं. त्यामुळे बायको-पोरं गावी आणि बाप्या मुंबईत, अशी दोन ठिकाणी फाटलेली घरं. एका गावचे पंधरा-वीस गडी मिळून चाळीतली एक खोली घेत. पहिल्या पाळीचा कामावर गेला की रात्रपाळीचा त्याच जागी अंग टाकी. धोबीतलावला आपल्या गावोगावच्या कुडी होत्या, बोटीवर जाणारे गोंयकार तिथे ट्रंक ठेवून राहत, ते आठवलं की हे चित्र आपल्याला परकं वाटणार नाही.

आता एवढ्या माणसांनी जेवायचं कुठे? चाळीतलीच एखादी बाई दोन वेळचं जेवण घालायची. तीच खानावळवाली. तिची खोली दहा बाय बाराची. त्यातच तिचा संसार आणि त्यातच वीस माणसांचा स्वयंपाक. पाळ्या तीन, म्हणून पंगतीही तीन. पहाटे अंधारात स्टोव्ह पेटायचा तो रात्री उशिरा विझायचा. मध्ये नळावरची रांग, रॉकेलची रांग, रेशनची रांग. यांपैकी कित्येक जणी विधवा होत्या, टाकलेल्या होत्या, किंवा नवरा क्षयाने घरी बसलेला होता.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण ती सहसा सांगितली जात नाही. एकेकाळी मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांमागे एक बाई होती. वाइंडिंग आणि रीलिंग ही तर बायकांचीच खाती. पुढे रात्रपाळीत बायकांना मनाई आली, १९२९ साली मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला, नवी यंत्रं आली. मालकाच्या हिशेबात बाई महाग पडू लागली आणि बायकांचा आकडा घसरत घसरत नगण्य झाला. कायदे बायकांच्या भल्यासाठी होते हे खरंच. पण परिणाम असा की मस्टरवरून बाईचं नाव गेलं. काम काही गेलं नाही. ती गिरणीतून निघून स्टोव्हपुढे बसली आणि गिरणीत जाणाऱ्याला जेवू घालू लागली. गिरणीचा साचा चालायचा तो तिच्या भाकरीवर, पण गिरणीच्या कुठल्याच वहीत ती नव्हती. युनियनच्या वहीतही नव्हती.

तिची नोंद एकाच वहीत असायची: वाण्याच्या. आपल्याकडे पसरकाराच्या वहीत असते तशी. जेवणारे महिन्याचा पगार झाला की पैसे देणार, आणि तांदूळ-डाळ मात्र आज हवी. मधला महिना उधारीवर. उधारीचं गिऱ्हाईक म्हटलं की वाणी माल हलका देणार आणि भाव चढा लावणार, आणि तिला तोंड उघडायची सोय नाही. त्यातून पोरगं आजारी पडलं, एखादा गडी पैसे न देताच गावी निघून गेला, की सावकार. मंगळसूत्र गहाण, भांडी गहाण. वीस माणसांना पोसणारी बाई स्वतः कधी कर्जातून वर यायची नाही.

प्रेमाताई मुंबईत आल्या त्या कम्युनिस्ट चळवळीत. त्यांचे पती दादा पुरव हे बँक कर्मचाऱ्यांचे मोठे पुढारी. त्या स्वतः गिरणी कामगारांत काम करीत होत्या. १९७४ च्या सुरुवातीला गिरण्यांचा बेचाळीस दिवसांचा संप झाला. संपाचा इतिहास लिहिणारे सभा लिहितात, मोर्चे लिहितात, डांग्यांची भाषणं लिहितात. बेचाळीस दिवस पगार नसताना हे कामगार जेवले कुणाकडे, हा प्रश्न त्या इतिहासात क्वचित येतो. ते जेवले खानावळवालीकडे, उधारीवर. संप मिटला, कामगार कामावर गेले, आणि कर्ज राहिलं ते तिच्या डोक्यावर. संपाचं ओझं पेलणारी ही बाई चळवळीलासुद्धा दिसत नव्हती. प्रेमाताईंना ती दिसली, आणि मला वाटतं, त्यांचं मोठेपण इथेच आहे. चळवळीतल्या माणसाला चळवळीचाच आंधळा कोपरा दिसणं सोपं नसतं.

१९७५ साली चौदा खानावळवाल्या एकत्र आल्या आणि अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू झालं. नाव किती चपखल! आपल्याकडे लग्नात मुलीबरोबर अन्नपूर्णेची मूर्ती देतात, जेवू घालणारीला देवी म्हणतात. पण देवीला कर्ज कोण देणार?

ते मिळालं बँक ऑफ बडोदाकडून, दर बाईला दीड हजार रुपये. यामागे दोन गोष्टी होत्या. १९६९ च्या जुलैत चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं, आणि १९७२ मध्ये सरकारने गरिबांसाठी चार टक्के व्याजाची योजना काढली होती. योजना कागदावर उत्तम. पण बँकेचा अर्ज कसा असतो ते माझ्यासारख्या कारकुनाला वेगळं सांगायला नको. तारण काय? जामीन कोण? धंद्याचा पत्ता? दुकानाचा परवाना? सही? खानावळवालीचं दुकान म्हणजे तिचं घर, तेही भाड्याचं, पावती नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर. सहीच्या जागी बहुतेकींचा अंगठा. ज्यांच्यासाठी योजना, नेमक्या त्याच माणसाला अर्ज भरता येत नाही, हे आम्ही रोज पाहतो.

यातून वाट निघाली ती अशी. बायकांचे गल्लीवार गट करायचे. गटातल्या जणी एकमेकींना जामीन राहायच्या. कुणाची खानावळ किती माणसांची, कोण खरंच कष्टाची, कुणाला किती पैसे पेलतील, हे बँकेच्या अधिकाऱ्यापेक्षा शेजारणीला जास्त ठाऊक. अर्ज भरून द्यायला, बँकेत सोबत जायला मंडळ. म्हणजे तारणाच्या रकान्यात घर नाही, दागिना नाही, शेजारणीचा शब्द. मुहम्मद युनूस यांनी बांगलादेशात जोब्रा गावी आपला प्रयोग सुरू केला तो १९७६ साली. २००६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं त्याचा आनंदच आहे. पण लालबाग-परळच्या बायकांनी हीच रीत वर्षभर आधी चालवून दाखवली होती, एवढं आपण लक्षात ठेवायला हरकत नाही.

दीड हजाराने काय फरक पडतो, असं वाटेल. हिशेब करून पाहू. दीड हजारावर चार टक्के म्हणजे वर्षाला साठ रुपये. समजा सावकार महिन्याला शेकडा दहा घेतो, तर तो एकाच महिन्यात दीडशे घेणार. हा झाला व्याजातला फरक. खरा फरक वाण्याकडे. रोख पैसे हातात असलेली बाई चार दुकानं फिरते, घाऊक घेते, तांदूळ दातांखाली धरून पाहते, नाही आवडला तर परत ठेवते. उधारीच्या गिऱ्हाइकाला हे काहीच करता येत नाही. त्याच वीस माणसांच्या त्याच स्वयंपाकातून आता दोन पैसे उरू लागले. या बायकांना कुणी काम दिलं नाही, ते त्या कधीपासून करीतच होत्या. कुणी कौशल्य शिकवलं नाही. त्यांना मिळालं ते रास्त दराचं भांडवल, आणि बँकेच्या पासबुकावर स्वतःचं नाव. त्याआधी चाळीत त्या 'मावशी' होत्या, अमक्याची आई होत्या. कर्जाच्या कागदावर व्यवसाय म्हणून 'खानावळ' लिहिलं गेलं. गरिबीवरच्या योजनांत आपण पहिल्यांदा प्रशिक्षण देतो, प्रमाणपत्रं वाटतो. या कुटुंबाकडे आज कोणतं काम आहे आणि ते कुठे गळतं आहे, हे विचारायला मात्र विसरतो.

अर्थात सगळं गोड झालं असं नाही. कर्जाने बाईची पहाट उशिरा झाली नाही आणि खोली दहा बाय बाराचीच राहिली. शिवाय तिचं पोट गिरणीशीच बांधलेलं. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. साठेक गिरण्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार. तो बेचाळीस दिवसांत मिटला नाही. तसा तो कधीच रीतसर मिटला नाही. कामगार गावी परतले, बरेचसे कायमचे. गिरणी कामगाराला निदान मागायला देणी तरी होती. खानावळवालीला पाटी कोरी झाल्याचं सांगायलाही कुणी आलं नसेल. आपल्याकडे २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद झाल्या तेव्हा मला हीच बाई आठवली. ट्रकमालकांसाठी मदतीच्या योजना निघाल्या, आणि निघायलाच हव्या होत्या. पण सावर्डे-कुडचड्याच्या रस्त्यावर त्या ट्रकवाल्यांना उंडे-पातळभाजी आणि शीत-कडी वाढणारी जी होती, तिचं दुकान कुठल्या कागदावर होतं?

गिरण्यांची चाकं थांबल्यावर अन्नपूर्णाने मार्ग बदलला. घरच्या पंगतीऐवजी सामूहिक स्वयंपाकघर आलं. दादरला मंडळाच्या बायका कचेऱ्यांसाठी, समारंभांसाठी जेवण करू लागल्या. म्हणजे गिऱ्हाईक बदललं, हात तेच. नवी मुंबईत वाशीला मंडळाने केंद्र उभारलं, तिथे नोकरदार मुलींसाठी वसतिगृह आलं. जेवणाच्या ताटावरून सुरू झालेली गोष्ट राहण्याच्या छपरापर्यंत गेली, आणि हे ओघानेच झालं. घरापासून लांब आलेल्या माणसाला लागतं काय, हे खानावळवालीइतकं कुणाला कळणार?

प्रेमाताई आणि दादांची मुलगी मेधा पुरव सामंत बँकेत अधिकारी होत्या. ती नोकरी सोडून १९९३ साली त्यांनी पुण्यात अन्नपूर्णाचं काम सुरू केलं, ते भाजी विकणाऱ्या बायकांपासून. भाजीवालीचं दुखणंही खानावळवालीचंच होतं: सकाळी उसने घेतलेले पैसे संध्याकाळी व्याजासकट परत. पुण्यात कर्जाच्या जोडीने पाळणाघरं आली, आजारपणासाठी सगळ्यांनी मिळून उभा केलेला निधी आला. कर्ज बुडतं ते आळसाने क्वचित, बहुतेक वेळा घरातल्या दुखण्याने, हे गिरणगावात पुरेपूर दिसून चुकलं होतं.