ओलं फडकं: पद्मिनीपासून सेन्सरपर्यंत

आजचा विषय आमच्या अंगणातून आलाय. रांजणगावात आमच्या घरी वीसेक वर्षं जुनी पेट्रोल गाडी आहे. एका मे महिन्यात भर दुपारी शिक्रापूरच्या पुढे ती चालता चालता बंद पडली. मागे एमआयडीसीचा ट्रेलर, स्टिअरिंग एकदम जड, ब्रेक दगडासारखा. बाबांनी कशीबशी कडेला घेतली. स्टार्टर फिरत होता, पण इंजिन पकडत नव्हतं. अर्ध्या तासानं मात्र चालू, जणू काही झालंच नाही.

असं चारदा झालं. गॅरेजमध्ये नेली की गाडी शहाण्यासारखी वागायची. बॅटरी बदलली, पेट्रोल पंप बदलला, फरक शून्य. आई म्हणाली, "भंगारात द्या. नातीला मी यात बसवणार नाही."

बाबा तरुणपणी मुंबईत टॅक्सी चालवायचे. ते म्हणाले, "पद्मिनी असती तर ओलं फडकं टाकलं असतं." मी हसलो. पण त्या फडक्यामागे इतिहास आहे.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या आराखड्यावर गाड्या बनू लागल्या आणि १९७०च्या दशकात त्यातलीच एक 'पद्मिनी' झाली. तिचा पेट्रोल पंप, मिस्त्री ज्याला एसी पंप म्हणतात तो, इंजिनलाच चिकटलेला. टाकी मागे, म्हणजे पंप पेट्रोल ओढून आणणार. उन्हात, ट्रॅफिकमध्ये इंजिन तापलं की पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ व्हायची. पंपाला पेट्रोल ढकलता येतं, वाफ नाही. म्हणून गाडी बंद. पंपावर ओलं फडकं ठेवलं की वाफेचं पुन्हा पेट्रोल व्हायचं आणि गाडी चालू!

मग धुराचे नियम कडक झाले. १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला, २००० मध्ये देशभर युरो-१ च्या तोडीचे नियम आले. कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं. पंप थेट टाकीत बसला, दाबानं पेट्रोल ढकलू लागला. वाफेचा त्रास जवळजवळ संपला.

पण उष्णता कुठे जाणार? नव्या इंजिनाच्या कॉम्प्युटरला क्रँकशाफ्ट नेमका कुठे आहे हे एक छोटा सेन्सर सांगतो. आमच्या गाडीतल्या प्रकारात आत बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. जुनी झाली की तापल्यावर तिचा जोड सुटतो, थंड झाल्यावर परत लागतो. सिग्नल गेला की कॉम्प्युटर ठिणगीही देत नाही आणि पेट्रोलही.

आम्ही सॉफ्टवेअरवाले म्हणतो, बग आधी पुन्हा घडवून दाखव. म्हणून मी आणि गावातला मिस्त्री गाडी तापवत बसलो, बंद पडेपर्यंत. बंद पडली. स्टार्टर मारला तर आरपीएमचा काटा जागचा हलेना. प्लगला ठिणगी नाही. संशय सेन्सरवर. चावी काढून, पंख्यापासून हात जपत सेन्सरवर गार पाण्याचं फडकं धरलं. पाच मिनिटांत गाडी चालू! पुन्हा तापवली, पुन्हा तेच. सेन्सर बदलला, त्यानंतर दोन उन्हाळे झाले, एकदाही बंद नाही.

म्हणजे बाबांचं फडकं बरोबर होतं, फक्त जागा बदलली होती. (गरम इंजिनवर बादली मात्र ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो.)

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. फियाटची इंजिनं पुढे आमच्याच रांजणगावच्या एमआयडीसीत बनू लागली. कुर्ला ते रांजणगाव, तंत्र पार बदललं. प्रश्न मात्र तोच राहिला: बंद पडली तेव्हा गरम होती का, आणि गार झाल्यावर चालू झाली का? गॅरेजमध्ये गेलात तर हे दोन प्रश्न मिस्त्रीनं विचारायच्या आधी तुम्हीच सांगा.

आणि हो, नात आता मागच्या सीटवर बसते. आईच बसवते.